चुन्याची बोटं

भोर

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आधी आई म्हणायची, आता नवरा म्हणतो. दोघांचंही खरं आहे. बसल्या जागी मला मुंग्या येतात. आणि चित्रं काढते ती मात्र जलरंगात, म्हणजे ज्यात निम्मा वेळ नुसतं बसून कागद वाळायची वाट बघायची असते! देवानं स्वभाव एक दिला आणि आवड दुसरी, त्याला कोण काय करणार.

आमच्या सोलापुरात तरी हे निभतं. तिथं रंगाचा एक हात दिला की चहाचं आधण उकळेपर्यंत कागद खडखडीत वाळतो. गेलं वर्षभर मी घरातल्या वस्तूच काढत होते. पळी, पोळपाट, सूप, नवऱ्याच्या चपला, दळणाचा डबा. रोज हाताखालची वस्तू कागदावर आली की पहिल्यांदा बघितल्यासारखी वाटते. पण घरातलं काढून संपलं, आणि मला हवी होती चुलीवर काळी झालेली, वापरून पोचे आलेली भांडी. आमच्या गल्लीत चूल कुठली, सगळीकडे गॅस. तोरण्याच्या पायथ्याला अजून घरोघर चूल पेटते असं कुणीतरी म्हणालं, तेवढं मला पुरलं. दसरा होऊन गेला होता. शिकवणीच्या मुलांना सुट्टी दिली, रंगपेटी पिशवीत टाकली आणि निघाले.

भोरला पोचले आणि पहिल्याच दिवशी कळलं की इथली हवा पिळून काढावी इतकी ओली. परतीचा पाऊस येऊन-जाऊन होता. आंबवड्याला गेले, देवळात कोपऱ्यातली समई काढायला बसले. तिची सावली जेमतेम कागदावर उतरली, तोवर गुरव आले आणि तेल घालायला समईच आत घेऊन गेले. संध्याकाळी उत्रोलीपर्यंत भाताच्या कडेकडेनं चालत गेले. लोंब्या वाकल्या होत्या, वास असा की भूक लागावी. पण मन काही एका जागी ठरेना. हे काढू का ते काढू, करत अंधार पडला आणि हात हलवत परत आले.

दुसऱ्या सकाळी स्टँडासमोरच्या हॉटेलात किटली काढायला घेतली. किटलीची तोटी जमत आली की हॉटेलवाला ती उचलायचा.

"अहो, जरा वेळ ठेवा ना ती!"

"ताई, किटली ठिवली तर गिऱ्हाइकाला चा कशातनं देऊ? तुमच्या कागदातनं?"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसले, पण आतून धुमसत होते. चहा झाला, मिसळ झाली, पुन्हा चहा झाला, तरी कागद आपला ओलाच. शेवटी शेजारच्या फोटो स्टुडिओत मोठा पंखा दिसला, तशी कागद तळहातावर धरून आत शिरले आणि "पाच मिनिटं पंख्याखाली धरू का?" असं विचारलं. भिडस्तपणा मला मुळातच कमी.

तिथं काउंटरपाशी एक नवरा-बायको उभे होते, पलीकडे स्टुडिओवाला, आणि तिघांच्या मध्ये एक फ्रेम होती. फ्रेममध्ये आकाशी पडदा, काळा कोट, लाल टाय, आणि त्या टायच्या वर एक घाबरलेला म्हातारा.

"कोट काढता येत न्हाई का?" नवरा विचारत होता.

"काढला तर खाली काय लावू? आधार कार्डावर गळ्यापर्यंतच हायेत तुमचे वडील," स्टुडिओवाला म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

हे बाळू आणि सुरेखा. वेल्ह्याच्या पुढं एका वाडीत त्यांची भातशेती, आणि बाळूचा टेम्पो. वडील गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेले, आता वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं आणि हार घालायला घरात धड फोटो नव्हता. ज्या मोबाईलमध्ये फोटो होते तो बाळूच्या हातून विहिरीत पडला. लग्नाच्या अल्बममध्ये वडील पंगतीत वाढताना पाठमोरे. उरलं ते आधार कार्ड.

"आत्या ह्यो फोटू घरात घ्यायच्या न्हाईत," सुरेखा म्हणाली. आत्या म्हणजे तिची सासू. मग तिचं लक्ष पंख्याखालच्या माझ्या किटलीकडे गेलं. "बाई, तुमी माणसं काढता का वो?"

"नाही गं. भांडीकुंडी काढते."

"भांड्याला नाक असतंय तसं माणसालाबी असतंयच की."

मी विचारलं, "तुमच्याकडे चूल आहे का?"

"चूल न्हाई तर काय! चला की. आत्यांनाच विचारा नाक कसं व्हतं ते."

वेल्ह्याकडे

बाळूच्या टेम्पोत पुढे आम्ही तिघं, मागे खताची पोती आणि त्यांच्यावर कोटातले वडील, पोत्यात गुंडाळून. वेल्ह्याच्या बाजारात थांबून सुरेखानं नारळ, उदबत्ती आणि हाराची ऑर्डर असं उरकलं. मी तेवढ्यात दोनदा खाली उतरून परतीची एसटी कधी आहे ते विचारून आले. सवयच आहे तशी. कुठंही पोचायच्या आधी मला तिथून निघायची वेळ माहीत लागते. तोरणा दिसेल म्हणून मान वर करून बसले, पण ढगानं तो पूर्ण गिळला होता.

"हाय तितंच हाय," बाळू म्हणाला. "उद्या दिसंल."

घर कौलारू, पुढे शेणानं सारवलेली पडवी. पडवीच्या मधोमध एक जुना सागवानी खांब, त्याच्या बुडाशी पाण्यानं भरलेला तांब्या. आमच्याकडे पाहुण्याला आत नेऊन खुर्ची देतात. इथं खांबाजवळ घोंगडं टाकलं, की झाली बैठक. शेवंताबाई, म्हणजे सुरेखाच्या सासूबाई, खांबाच्या अलीकडे बसल्या होत्या. बारीक, ताठ, आणि बोलायला फटकळ. लेकानं पोतं सोडून फ्रेम पुढे धरली.

त्यांनी जवळून बघितली, मग लांबून.

"ह्यो कोन सायेब आनलास रं?"

"आये, आबा हायेत."

"आबा? टाय लावून? ह्याला हार घातला तर वरून म्हनतील, बाई, कोन तुमी?"

सुरेखा पदरात हसली. पण म्हातारीच्या हसण्यात काही खरं नव्हतं. त्यांनी फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"वरीस झालं बाई," त्या मला म्हणाल्या. "मला त्यांचा चालायचा आवाज याद हाय, खोकला याद हाय. पर तोंड धरून ठिवाय गेलं का निसटतंय. सरादाच्या दिवशी म्या कुनाकडं बगून हात जोडू?"

"सांगा कसे होते ते," मी म्हणाले आणि कागद लावला. स्वतःला काय येतं आणि काय येत नाही हे बघायचं सोडून नको तिथं उडी मारायची, हा दुसरा स्वभाव.

जेवण आधी झालं. तांदळाची भाकरी आणि शेतातल्या खेकड्यांचा रस्सा. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणीवाले. खेकडा कुठून फोडायचा इथपासून माझी शाळा. रस्सा कोपरापर्यंत ओघळला, एक नांगी उडून बाळूच्या ताटात पडली. "बाई, आमच्याकडचा मेल्यावरबी पळतोय," शेवंताबाई म्हणाल्या. चव मात्र अजून जिभेवर आहे.

मग बसलो. "नाक लांब," त्या सांगायच्या, "पर लई लांब न्हाई. डोळं घारं न्हाईत, पर उन्हात घाऱ्यावानी." मी काढायची. पहिला चेहरा बघून त्या म्हणाल्या, "ह्यो माजा भाऊ झाला." दुसऱ्याला म्हणाल्या, "आन ह्यो तलाठी." तिसरा कुणासारखाच दिसेना. त्यात कागद वाळायचं नाव नाही. कपाळाचा रंग नाकावर उतरला, नाकाचा मिशीत. मी घाई केली, कपडा टेकवला, आणि मिशी गालभर पसरली. शेवंताबाई उठून गोठ्याकडे गेल्या. त्या काही बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

मी पडवीत येरझाऱ्या घालायला लागले. परत जावं, सकाळची एसटी आहे, यांना खोटी आशा लावून बसलीस कशाला, असं सगळं डोक्यात. तेवढ्यात ढग फाटले आणि उतरतीचं ऊन तिरपं पडवीत आलं. खांब पेटल्यासारखा तांबूस झाला. आणि मला दिसलं की त्या खांबावर सगळीकडे पांढरी बोटं उमटली आहेत. आडवी, तिरकी, एकावर एक, काही जुनी पिवळट, काही ठळक. उंच उभ्या माणसाच्या खांद्यापासून ते बसल्या माणसाच्या कानापर्यंत.

"ही कसली गं बोटं?"

"ती व्हय!" सुरेखा सुपात तांदूळ घेऊन बाहेर येत म्हणाली. मामा म्हणजे तिचे सासरे, आबा. "मामांची घाण. तंबाखू मळून झाली का बोटाला राहिलेला चुना खांबाला पुसायचा. म्या लगीन होऊन आले तवापासनं दर दिवाळीला खांब घासायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर नवं बोट! लई भांडन व्हायचं आमचं त्याच्यावरनं. गेल्या दिवाळीला सुतक, म्हणून ऱ्हायलं."

शेवंताबाई मागून आल्या होत्या. "म्या सांगायची, खांब काय तुमचा रुमाल हाय? तर म्हनायचे, रुमाल हरवतोय, खांब कुठं जातोय?"

मी कागद लावला. माझ्या पेटीत पांढरा रंग नाहीच. जलरंगात पांढरं लावायचं नसतं, सोडायचं असतं. जिथं पांढरं हवं तिथला कागद तसाच कोरा ठेवायचा आणि भोवतीनं रंग न्यायचा. तसं एकेक बोट सोडत, त्याच्या कडेकडेनं तपकिरी नेत मी खांब वर चढवला. दिवसभरात पहिल्यांदाच हात शांत चालत होता. खांबाच्या बुडाशी घोंगड्याची घडी काढली. तिच्यापुढे तांब्यासाठी जागा राखून ठेवली, तो शेवटी करायचा, पितळेवरची चमक हेच तर खरं काम.

आणि शेजारचे कुणीतरी आले. "या, पानी घ्या," म्हणून सुरेखानं तांब्या उचलला! तो या हातातून त्या हातात गेला, आत गेला, भरून आला, दुसऱ्याच जागी बसला. तोवर ऊन गेलं.

"छे! एक वस्तू म्हणून धड बसत नाही या मुलखात!" मी चिडून कागद काढला. "चुलीत घाला हा."

"चांगला कागुद कुनी जाळतं व्हय?" शेवंताबाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि चुलीवर टांगलेल्या बांबूच्या पाटीत, वाळत घातलेल्या मिरच्यांवर आडवा टाकला. बघितलासुद्धा नाही.

"उद्या सकाळी हा खांब नीट काढते मावशी," मी म्हणाले. "मोठ्या कागदावर. मला माणूस जमत नाही, पण त्यांचा खांब जमेल. तोच लावा हाराला." हे म्हणताना मला फार बरं वाटलं. त्याही म्हणाल्या, "व्हय. चालंल मला." सुरेखा ऐकत होती.

सकाळी

तोरणा दिसला. अख्खा, धुतलेला, अगदी डोक्यावर आल्यासारखा. मी तोंड धुवून वाडीच्या टोकापर्यंत जाऊन बघून आले. परत येताना मोठा कागद कसा लावायचा, पहिला हात कुठून द्यायचा, सगळं मनात ठरलं होतं.

पडवीत पाय ठेवला तर सुरेखा घामाघूम होऊन उभी. हातात नारळाची शेंडी, शेजारी सोड्याचं पाणी, तेलाची वाटी. आणि खांब असा चकचकीत की त्यात माझी साडी दिसावी.

"घ्या बाई!" ती म्हणाली. "तांबडं फुटल्यापासनं घासतेय. तेल पन लावलं. चित्रात जायाचा, चार मानसं बगनार, मग तसाच कळकट काढू द्यायचा व्हय? आता काढा!"

मी खांब वरपासून खालपर्यंत बघितला, एकही बोट उरलं नव्हतं. पाहुणा येणार तर भांडं घासायचं, सण येणार तर घर सारवायचं, आणि चित्रात जाणाऱ्या खांबाला न्हाऊमाखू घालायचं. तिचं काय चुकलं? 'खांब' काढते म्हणाले होते मी. 'बोटं' म्हणाले नव्हते. ती ते गृहीत कशी धरणार?

शेवंताबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. नेहमीच्या जागी बसल्या, खांबाच्या अलीकडे. उजवा हात सवयीनं खांबाकडे गेला आणि तेलावरून घसरला. त्यांनी वर बघितलं.

"पुसलं व्हय," एवढंच म्हणाल्या. कप खाली ठेवला आणि आत निघून गेल्या.

सुरेखाच्या हातातली शेंडी गळाली. तिनं एकदा खांबाकडे बघितलं, एकदा आतल्या दाराकडे, आणि मटकन खाली बसली.

"दर दिवाळीला पुसायचीच की मी," ती हुंदके देत म्हणाली. "मामा परत करायचे."

मला उभं राहवेना, बसवेना. मग एकदम आठवलं. धावत आत गेले. धुरानं डोळे झोंबत होते. पाटीतल्या मिरच्यांवरून कागद काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा एक कागद पुरता वाळला होता, सोलापुरासारखा खडखडीत. कडा धुरानं पिवळ्या पडल्या होत्या. एका कोपऱ्यात मिरचीचं बी चिकटलेलं.

शेवंताबाई चुलीपुढे पाठ करून बसल्या होत्या. मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

पहिल्यांदा त्यांना काही कळलं नाही. मग त्यांनी एक बोट पुढे केलं आणि कागदावरच्या एका कोऱ्या डागावर ठेवलं. मग दुसऱ्यावर.

"ह्ये वरचं, उब्यानं पुसलेलं. गडबडीत असलं म्हंजी उब्यानंच." बोट खाली आलं. "ही जेवनानंतरची. आन ह्ये हितलं... गुडघं गेल्यावरचं. उठताना खांब धरायचे, तवाचं." त्या एकेक शोधत राहिल्या. सुरेखा दारात येऊन उभी राहिली होती, आत यायचा धीर होत नव्हता.

"सुरेखा, ये बग," म्हातारी म्हणाली. "तुझी समदी भांडनं हितं हायेत."

मग त्यांचं बोट खाली, घोंगड्याच्या पुढे, तांब्यासाठी राखलेल्या मोकळ्या कागदावर थांबलं. तिथं काहीच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, की मावशी, ते अर्धवट आहे, तुमच्या सुनेनं तांब्या उचलला म्हणून...

"जागा मोकळी ठिवलीत," त्या म्हणाल्या. "ब्येस केलंत. तितंच बसायचे."

मी तांब्याचं नाव काढलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं नव्हतं, उगाच कशाला खोटं सांगू.

श्राद्ध

सकाळची एसटी मी सोडली. दुपारचीही सोडली. बाळूनं फ्रेम उघडली आणि माझा कागद काचेखाली घातला. कोटातल्या वडिलांना काढून कुठं ठेवायचं हा प्रश्न पडला, तर शेवंताबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मागंच सायबाला. तेवढाच टेका." तेव्हा ते गृहस्थ अजून तिथंच आहेत, माझ्या खांबाच्या मागे, टाय लावून.

श्राद्धाला वाडी जमली. आमच्याकडे अशा दिवशी माणसं दबक्या आवाजात बोलतात. इथं भाताचा अंदाज, टेम्पोचं डिझेल, कुणाची म्हैस, सगळं मोकळेपणी चाललं होतं. हार घातलेल्या फ्रेमपुढे येऊन मात्र जो तो चमकायचा. "फोटू कुठाय?" एकानं विचारलंच.

"ह्यो काय," शेवंताबाई म्हणाल्या.

गेनूभाऊ म्हणून आबांचे जन्माचे सोबती होते. बुटके, पांढऱ्या मिशांचे. ते फ्रेमपुढे बराच वेळ उभे राहिले. जवळ गेले, डोळे बारीक केले, आणि डोक्यावरची टोपी काढली. कुणाला काही विचारलं नाही. मग येऊन पडवीत बसले, खांबाला टेकून नाही, जरा बाजूला. कमरेची पिशवी सोडली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, मळली, थापटली, ओठाखाली धरली. आणि बोलता बोलता त्यांचा हात आपसूक खांबाकडे गेला.

तिथं, त्या चकचकीत तेलपाण्याच्या खांबासमोर, हात थबकला. त्यांनी हळूच सुरेखाकडे बघितलं. तिचा धाक सगळ्या वाडीला होता. ते बोट आता धोतराला पुसणार एवढ्यात ती म्हणाली,

"पुसा की वो मामा. पुसा."

गेनूभाऊंनी बोट खांबाला टेकवलं.

"तितं न्हाई, भावजी," पलीकडून शेवंताबाईंचा आवाज आला. "वाईच वर. तुमी बुटके. ते उंच व्हते."

आणि गेनूभाऊ गुडघ्यावर हात देऊन उठले, चवड्यांवर उभे राहिले, आणि जमेल तितकं वर त्यांनी ते बोट पुसलं.